सेक्टर बत्तीस : आखणी आणि शेजार

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही इतिहासकार नव्हे. केंद्र सरकारच्या सेवेत फायलींवर टिपणे लिहिण्यातच आमची उमेद खर्ची पडली. तथापि बदलीच्या हुकुमाने आम्ही दोनदा चंडीगढला आलो आणि दोन्ही वेळा सेक्टर ३२ मध्येच बिऱ्हाड केले. या वस्तीचे वय आणि आपल्या मंडळाचे वय जवळजवळ सारखेच. म्हणून एकाच्या उत्सवप्रसंगी दुसऱ्याचाही थोडा पूर्ववृत्तांत सांगावा, असे मनात आले.

१९४७ च्या फाळणीत लाहोर सीमेपलीकडे गेले आणि पूर्व पंजाब राजधानीवाचून उरला. शिवालिकच्या पायथ्याशी नवे नगर वसविण्याचे ठरले. पहिला आराखडा आल्बर्ट मेयर आणि मॅथ्यू नोविकी यांचा होता; परंतु १९५० मध्ये विमान अपघातात नोविकी यांचा अंत झाला आणि पुढील वर्षी ते काम ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे आले. त्यांच्या जोडीला पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू हे होते. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते नगराचे उद्घाटन झाले. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी त्या काळात कॉर्ब्युझिए यांच्या पॅरिसच्या कार्यालयात उमेदवारी करीत होते, हे आपणां मराठीजनांस ठाऊक असलेले बरे.

या नगराचा घटक म्हणजे सेक्टर. सुमारे १२०० मीटर लांब आणि ८०० मीटर रुंद असा हा चौकोन. भोवताली वेगवान वाहनांचे रस्ते आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी असलेली घरे. मधून एक बाजाररस्ता जातो. त्याला छेद देणारा हिरवा पट्टा शाळा व क्रीडांगणे सांभाळतो. दूध, भाजी, शाळा, दवाखाना यांसाठी कोणासही मोठा रस्ता ओलांडावा लागू नये, अशी ही योजना. सेक्टराचे ए, बी, सी, डी असे चार भाग पाडलेले आहेत. टपालाच्या पत्त्यावर ही अक्षरे असतातच. पण रहिवाशांच्या संघटना, पंच व भांडणेही पुष्कळदा याच अक्षरांनुसार वाटली जातात!

पहिल्या टप्प्यात १ ते ३० हे सेक्टर दीड लाख लोकांसाठी आखले गेले. दुसऱ्या टप्प्यात ३१ ते ४७ या सेक्टरांत आणखी साडेतीन लाख लोकांची सोय करावयाची होती. साहजिकच दुसऱ्या टप्प्यातील वस्ती अधिक दाट झाली. ही भूमी ओसाड नव्हती; येथे शेती होती, गावे होती. बुरैल, अटावा, बुटेरला ही गावे या टप्प्यातील सेक्टरांच्या पोटात आजही नांदत आहेत. आमचा सेक्टर ३२ या टप्प्याच्या अगदी उंबरठ्यावरचा. येथे सनातन धर्म महाविद्यालय आहे, आणि १९९१ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे. पंजाब, हरियाणा, हिमाचलातील रोगी व विद्यार्थी या दोन संस्थांमुळे सतत येत राहतात. सेक्टराच्या पुढील इतिहासाचे बीज याच येण्याजाण्यात आहे.

आमचे पहिले घरमालक वृद्ध गृहस्थ होते. सारा मोहल्ला त्यांना बाऊजी म्हणे. फाळणीच्या वेळी ते लायलपूरहून बालपणीच आईचा हात धरून निघाले होते. ते म्हणत की, लायलपूरला आमच्या गल्लीला नाव होते. येथे घराला नंबर मिळाला, गल्ली मात्र आम्हांलाच करावी लागली. हे वाक्य आम्ही विसरलो नाही. नकाशा काढणाऱ्याने बाग दिली, शाळा दिली, सावली दिली. शेजार देणे त्याच्या हाती नव्हते.

ही गल्ली ज्यांनी घडविली, त्या मंडळींची संघटना म्हणजे रहिवासी कल्याण संघटना. चंडीगढला १९९४ पर्यंत महानगरपालिका नव्हती आणि तिची पहिली निवडणूक १९९६ मध्ये झाली. तोपर्यंत नळाचे पाणी असो वा रस्त्यावरील दिवा, दाद मागावयाची ती थेट प्रशासनाकडे. एकट्याच्या अर्जाला जावक क्रमांक मिळे. चाळीस सह्यांच्या अर्जाला उत्तर मिळे. हे आम्ही सरकारी नोकर म्हणून खात्रीने सांगू शकतो. निवृत्त सुभेदार, बँकेतील कारकून, शाळेच्या मुख्याध्यापिका अशी माणसे संध्याकाळी बागेतील बाकावर बसून त्या सह्या गोळा करीत. रात्रीच्या चौकीदाराचा पगार घरोघरी वर्गणी मागून देत. पुढे महानगरपालिकेने मोहल्ल्याच्या बागांची निगा अशा संघटनांकडे सोपविण्याची पद्धत सुरू केली, तेव्हा हिरवळीचा हिशेबही त्यांच्या वह्यांत आला.

आम्हां मराठी माणसांना हे सारे परके नव्हते. १८९३ मध्ये गिरगावातील केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तो चाळकऱ्यांच्या एकोप्यावरच. परंतु चाळीत सज्जा समाईक असतो. शेजारी टाळू म्हटले तरी टाळता येत नाही. सेक्टरात भिंत आहे, फाटक आहे, फाटकावर कुत्र्यापासून सावध राहण्याची पाटी आहे. येथे शेजाऱ्याकडे मुद्दाम जावे लागते.

आम्ही गेलो तो गणपतीच्या निमित्ताने. घरच्या गणपतीची एक आरती बागेत करावी, असे मंडळातील स्नेह्यांनी सुचविले. संघटनेचे चिटणीस, एक वयोवृद्ध सरदारजी, यांची परवानगी मागण्यास आम्ही भीतभीतच गेलो. त्यांनी खुर्च्या किती लागतील एवढेच विचारले आणि वर म्हणाले की, तुम्ही तर भगत नामदेवांच्या मुलखातले. गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत, हे आम्ही पुस्तकात वाचले होते. त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. एप्रिल २०१५ मध्ये नामदेवांच्या घुमानला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा तेच सरदारजी आमच्यासमवेत येण्यास आपली पगडी बांधून सकाळी सहालाच फाटकाशी उभे होते.

येथवरचे चित्र गोड आहे; पण इतिहास लिहावयाचा तर दुसरी बाजू झाकता येत नाही. २२ फेब्रुवारी २०२० रोजी आमच्या सेक्टरातील एका घरात आग लागली. त्या घरात बाहेरगावच्या मुली पैसे देऊन राहत असत. तीन तरुण मुली त्या आगीत गेल्या. तेथे मुली ठेवण्यास रीतसर परवानगी नव्हती, ही गोष्ट नंतर उघड झाली. त्यानंतर तपासण्या झाल्या, नोटिसा निघाल्या. परंतु आमच्या मनाला एक प्रश्न अद्याप टोचतो. अशी घरे सेक्टरात आहेत, हे आम्ही सर्वजण जाणत होतो. संघटनेच्या बैठकांत त्यांचा विषय निघे तो गाड्या कोठे लावाव्यात यावरून, रात्रीच्या गोंगाटावरून. त्या मुली आत कशा राहतात, निसटण्यास दुसरी वाट आहे काय, हे आम्ही कोणी विचारले नाही. त्या आमच्या दृष्टीने भाडेकरू होत्या, शेजारी नव्हत्या. आम्ही स्वतः बदलीवर आलेले भाडेकरूच होतो, हे आम्ही सोयीस्करपणे विसरलो होतो.

महिन्याभरातच साथीमुळे संचारबंदी जारी झाली. त्या दिवसांत आमच्या गल्लीतील मंडळींनी प्रथमच प्रत्येक घरात कोण राहते याची यादी केली, भाडेकरूंसह. एकट्या वृद्धांना औषधे आणि अडकून पडलेल्या विद्यार्थ्यांना जेवण पोचविले. यादी तीच, वर्षभर आधी झाली असती तर, हा विचार ती लिहिताना अनेकांच्या मनात होता.

१० जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चंडीगढच्या एका रहिवासी संघटनेच्या दाव्यात महत्त्वाचा निर्णय दिला. पहिल्या टप्प्यातील सेक्टरांत एका कुटुंबाची घरे मजल्यामजल्याने फोडून सदनिकांसारखी विकण्यास त्याने मनाई केली. हा निर्णय लिहिणारे न्यायमूर्ती भूषण गवई आपल्या अमरावतीचे. या निर्णयाचे संरक्षण १ ते ३० या सेक्टरांस आहे. आमचा ३२ त्या रेषेच्या पलीकडे राहिला. याबद्दल काही शेजाऱ्यांना हळहळ वाटली, काहींना घराची किंमत वाढेल म्हणून आनंदही झाला. आम्हांस वाटते की, घराचे मजले किती असावेत हे कायदा ठरवील. पण वरच्या मजल्यावर कोण आले हे जाऊन विचारणे कोणताही कायदा करू शकत नाही.

पाच लाखांसाठी आखलेल्या या नगराची लोकसंख्या, संघराज्यक्षेत्र धरून, २०११ च्या जनगणनेत १०,५५,४५० झाली. माणसे येतच राहणार. त्यांत महाराष्ट्रातून शिकण्यास व नोकरीस येणारी मुलेमुलीही असणार. परगावी एकमेकांना हाक मारता यावी, एवढ्यासाठीच आपल्या पूर्वसुरींनी हे मंडळ काढले. ती हाक मराठी घरांपुरती न राहता भिंतीपलीकडच्या खोलीतील अनोळखी पोरीपर्यंत पोचावी. सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाने आपल्या सभासदांकडून एवढा एकच संकल्प करवून घ्यावा, अशी आमची नम्र विनंती आहे : आपापल्या सेक्टरातील रहिवासी संघटनेच्या बैठकीला जावे, आणि जाताना शेजारच्या भाडेकरूलाही बरोबर न्यावे.

बाऊजी आता नाहीत. त्यांनी लावलेला आंबा फाटकाशी उभा आहे, आणि त्या गल्लीला अजूनही नाव नाही. तरी तेथील माणसे तिला आपली गल्ली म्हणतात.