नाट्यपरिभाषा (मराठी रंगभूमी)

मराठी नाटकाच्या लेखनात, तालमीत आणि प्रयोगात वापरला जाणारा शब्दसंग्रह. त्यात दोन थर स्पष्ट दिसतात. पुस्तकात आणि जाहिरातीत छापले जाणारे शब्द बहुतेक संस्कृत आहेत: संहिता, अंक, नेपथ्य, रंगभूषा, प्रकाशयोजना. विंगेत तोंडी चालणारे शब्द बहुतेक इंग्रजी, पण मराठी तोंडात घोळून गुळगुळीत झालेले: फ्लॅट, लेव्हल, स्पॉट, एन्ट्री, नाईट. संस्कृत शब्द दिसला की त्याचा अर्थही जुनाच, असे धरून चालणारा मात्र फसतो.

अंक आणि प्रवेश. अंक हा नाटकाचा मोठा विभाग; ‘शाकुंतला’त असे सात आहेत. संस्कृत नाटकात अंकाचे आणखी तुकडे पाडत नसत. दोन अंकांमधला दुवा विष्कंभक किंवा प्रवेशक साधत असे. इंग्रजी नाटकांच्या वाचनातून अंकाचे दृश्यवार तुकडे पाडण्याची पद्धत आली आणि त्या तुकड्याला मराठीने ‘प्रवेश’ हा शब्द दिला. पात्राचे रंगमंचावर येणे हाही प्रवेशच. म्हणून तालमीत घोटाळा टाळायला नट त्याला ‘एन्ट्री’ म्हणतात. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’सारखी (१९१९) पाच अंकी, अनेक प्रवेशांची रचना रंगवलेल्या पडद्यांवर उभी होती. पुढे रस्त्याचा पडदा सोडायचा, त्याच्यासमोर दोन-तीन पात्रांचा हलकाफुलका प्रवेश करायचा, तेवढ्यात मागे महाल मांडून घ्यायचा. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ सादर केले तेव्हा भिंती, दारे, खिडक्या असलेली खोली रंगमंचावर आली. पडदा गुंडाळता येतो, खोली गुंडाळता येत नाही. या बंदिस्त दिवाणखान्याने प्रवेशांची संख्या घटवली, आणि नाटक पुढे तीन अंकांवर व आता बहुधा दोन अंकांवर आले. यामागे नाट्यतत्त्वापेक्षा सुताराचा वाटा मोठा आहे.

नेपथ्य. मूळ अर्थ पडद्यामागची, नटांनी वेश करण्याची जागा; तसेच तो वेशही. संस्कृत नाटकात ‘नेपथ्ये’ अशी सूचना आली की आवाज आतून येतो. मराठीत हा शब्द पडदा ओलांडून बाहेर आला: आज नेपथ्य म्हणजे प्रेक्षकांसमोर उभे असलेले दृश्य, आणि नेपथ्यकार ते आखणारा. मोकळ्या पडलेल्या जागेला ‘रंगपट’ (रंगभूषेची खोली) आणि ‘विंग’ (रंगमंचाच्या दोन्ही बाजूंचा आडोसा) हे शब्द मिळाले.

सूत्रधार. विष्णुदास भावे यांच्या नाटकात (सांगली, १८४३) सूत्रधार हाच कथेचा वाहक. तो पदे गाई आणि पात्रे भाषणे करीत. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’पासून (१८८०) पात्रे स्वतः गाऊ लागली. सूत्रधार नांदी व नटीशी संवाद यांपुरता उरला आणि वास्तववादी नाटकातून पार गेला. ‘घाशीराम कोतवाल’ने (१९७२) त्याला परत आणले, सोबत माणसांचा हलता पडदाही. व्यावसायिक नाटकाच्या जाहिरातीत आज ‘सूत्रधार’ म्हणून छापलेले नाव मात्र प्रयोगाची व्यवस्था पाहणाऱ्याचे असते.

स्वगत. पात्राने स्वतःशी, पण शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असे बोलणे. चार भिंतींच्या खोलीत ते खटकू लागले. जनान्तिक (दोघांनी इतरांना चुकवून बोलणे) त्याआधीच विस्मरणात गेले होते.

दिशा. रंगमंचाचे डावे-उजवे प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाचे असते. प्रेक्षकांकडची बाजू डाऊन, मागची अप.

तालीम. पूर्वी नटाला संपूर्ण नाटक मिळत नसे. त्याची भाषणे आणि प्रत्येक भाषणाआधीचे समोरच्याचे शेवटचे शब्द एवढेच उतरवून देत. या उताऱ्याला ‘नक्कल’ म्हणत आणि ती पाठ करणे हे पहिले काम. शेवटची, वेशभूषा-प्रकाशासह होते ती रंगीत तालीम.

प्रयोग. संहितेचे प्रेक्षकांसमोर होणारे प्रत्येक सादरीकरण. नटाला प्रयोगागणिक मिळणारे मानधन म्हणजे ‘नाईट’; प्रयोग दुपारी चारचा असला तरी नाईटच. पहिल्या दोन घंटा चहा संपवायला सांगतात. तिसरी झाली की सभागृहातले दिवे उतरतात. विंगेतला नट रंगमंचाला हात लावून तो कपाळाला नेतो आणि अंधारात आपली जागा घेतो.