पेटी-आलेख, शालेय
पेटी-आलेख : आकडेवारीचा मध्यक, दोन चतुर्थके व दोन टोकांची मूल्ये पेटी आणि रेषा यांच्या रूपाने दाखविणारा आलेख. अमेरिकन सांख्यिकीविज्ञ जॉन टूकी (१९१५–२०००) यांच्या १९७७ मधील ग्रंथामुळे तो रूढ झाला. केवळ कागद-पेन्सिलीने काढता येत असल्याने तो शाळेतही शिरला. अमेरिकेतील २०१० च्या सामाईक मानकांत तो सहावीच्या गणितात आहे. तो काढणे सोपे; वाचणे मात्र तसे नाही. त्याच्या चारही भागांत सुमारे सारखीच मूल्ये असतात आणि भागाची लांबी केवळ त्यांचा विखुरलेपणा दर्शविते. स्तंभालेखाची सवय झालेला विद्यार्थी मात्र लांब भागात अधिक मूल्ये आहेत, असे समजतो. शिवाय मूळ मूल्ये पेटीआड लपतात. ती एकेका टिंबाने दाखविणारा बिंदु-आलेख आधी शिकविणे त्यामुळे इष्ट ठरते.