अनुसूचीतले जिल्हे

देगलूरकडच्या एका कॉलेजात मी हेड क्लार्क होतो. जून महिना आला की माझ्या टेबलाशी गर्दी व्हायची. कुणाला मायग्रेशन हवं, कुणाच्या मेमोवर बापाचं नाव चुकलेलं. चूक एका अक्षराची असली तरी दुरुस्ती औरंगाबादलाच. देगलूरहून एसटीनं नांदेड, तिथून रात्रीची मीटर गेजची गाडी, सकाळी विद्यापीठाच्या खिडकीपुढे रांग. संबंधित बाबू रजेवर असला तर मुक्काम बसस्टँडवर. पुण्यात प्रवेशाची मुदत संपत आलेली पोरं माझ्यासमोर रडलेली आहेत.

तरी आमच्या आधीच्या पिढीच्या मानानं हे सुखच म्हणायचं. निजामाच्या राज्यात मराठवाड्याचं विद्यापीठ म्हणजे हैदराबादचं उस्मानिया, १९१८ सालचं, आणि शिकवणं उर्दूतून. औरंगाबादेत इंटरपर्यंतचं कॉलेज होतं. त्याच कॉलेजच्या वसतिगृहात १९३८ साली मुलांनी ‘वंदे मातरम्’ म्हटलं, बंदी आली, संप झाला, आणि तो उस्मानियापर्यंत पोचला. काढून टाकलेल्या मुलांना अखेर नागपूर विद्यापीठानं दार उघडलं. शिक्षणासाठी परमुलूख गाठायची सवय आम्हाला तेव्हापासूनची.

१९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात आला. न्यायमूर्ती पळणिटकरांच्या समितीनं औरंगाबादेत विद्यापीठ असावं असं सुचवलं, १९५८ ला कायदा झाला आणि २३ ऑगस्टला पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन. पहिले कुलगुरू डोंगरकेरी. पाच जिल्ह्यांना एक विद्यापीठ मिळालं, पण नकाशा बघा: औरंगाबाद वायव्येच्या कोपऱ्यात, आम्ही आग्नेयेच्या.

पुढं या विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव १९७८ च्या जुलैत विधिमंडळात मंजूर झाला आणि आमच्याच भागात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. बाबासाहेबांचं नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. त्याच वर्षी, १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावानं वेगळं विद्यापीठ झालं. नांदेड, परभणी, लातूर हे जिल्हे तिकडं गेले. माझ्या लेखी हा बदल फार साधा होता: सकाळी पाठवलेला शिपाई संध्याकाळी सही घेऊन परत.

उस्मानाबादला मात्र विद्यापीठ आलं नाही; २००४ मध्ये औरंगाबादच्याच विद्यापीठाचं उपकेंद्र (उपपरिसर) आलं. पदव्युत्तर विभाग आले, लेकी घरून ये-जा करून एम.ए., एम.एस्सी. करू लागल्या. याचं मोल मी कमी लेखत नाही. पण उपकेंद्र हे विद्यापीठ नव्हे. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात उपपरिसराचा संचालक विद्यापीठाचा अधिकारी म्हणून आला खरा, तरी पदवी देणार विद्यापीठच, आणि कुलगुरू, कुलसचिव बसणार मुख्य गावीच. कोणता जिल्हा कुणाच्या अखत्यारीत, हे कायद्याच्या अनुसूचीत ठरतं. ती कुणी वाचत नाही. सगळे कोनशिला वाचतात.

आता धाराशिवकर, म्हणजे पूर्वीचे उस्मानाबादकर, स्वतंत्र विद्यापीठ मागतात. जरूर मागावं. आणि ते येईतो उपपरिसरासाठी भांडताना एवढं करा: संचालकाच्या सहीनं कोणकोणते कागद जागच्या जागी सुटतील, त्याची यादी आधी लेखी घ्या. इमारतीचं नंतर बघता येतं.