निजामशाहीला आपला डाव मिळावा का?

शिर्डीत बहिणीकडे गेलो होतो. भाचा संगणकावर ‘एम्पायर: टोटल वॉर’ खेळत होता. २००९ साली आलेल्या या खेळात मराठ्यांच्या बाजूने खेळता येते. मुख्य मोहिमेत मुघल मात्र खेळायला मिळत नाहीत. त्याने विचारले, “मामू, यात आपल्या नगरचा बादशहा का नाही?”

उत्तर सोपे होते. खेळ अठराव्या शतकाचा आणि निजामशाही १६३६ मध्येच बुडाली. पण ती असती तरी खेळायला कुणी दिली असती का? आपल्या गोष्टींत निजामशाही येते ती शहाजीराजांची चाकरी सांगण्यापुरती.

माझ्या मते, जिच्यापुढे स्वतःचे निर्णय होते ती बाजू खेळायला द्यावी. निजामशाहीपुढे ते होते. १५९६ मध्ये चांदबीबीने मुघलांच्या वेढ्यातून नगरचा किल्ला वाचवला, पण त्यासाठी वऱ्हाड सोडावा लागला. १६०० मध्ये पुन्हा वेढा पडला. ती तहाची बोलणी करते म्हणून तिच्याच लोकांनी तिला ठार केले.

किल्ला गेला, राज्य मात्र संपले नाही. मलिक अंबर इथिओपियात जन्मला आणि गुलाम म्हणून विकला गेला. त्याने निजामशाहीची गादी पुन्हा मांडली. मोठ्या फौजेशी मैदानात भिडण्यापेक्षा तिची रसद तोडायची, हा त्याचा गनिमी कावा. १६२४ मध्ये नगरजवळ भातवडीला त्याने तलावाचे पाणी सोडून शत्रूची वाट चिखलात घातली आणि लढाई जिंकली.

त्या दिवशी कोण कुठे होते ते पाहा. समोर मुघल आणि विजापूरचे आदिलशाही सैन्य. अंबरच्या बाजूला शहाजीराजे आणि त्यांचे भाऊ शरीफजी. शरीफजी तिथेच पडले. नगरच्या शाह शरीफ पीराच्या नावावरून या दोन भावांची नावे ठेवली, असे परंपरा सांगते.

निजामशाहीचे गोडवे गाण्यासाठी मी हे लिहीत नाही. गुलामांचा बाजार, दरबारातले खून, फितुरी, सारे तिच्यातही होते. पण मुस्लिम नावाच्या पोराला पडद्यावर स्वतःसारखे नाव बहुतेकदा शत्रूच्या फौजेत दिसते. शेजारच्या पोरालाही तेच दिसते. निजामशाही खेळायला मिळाली, तर दोघांनाही भातवडीला शहाजी आणि अंबर यांना एकाच फौजेत उभे करावे लागेल. भाच्याला मी एवढेच सांगितले. त्याने विचारले, “मग शरीफजींना वाचवता येईल?”