किल्लारीच्या बायकांना काय विचारायचं?

मंडळी, ३० सप्टेंबर आला की किल्लारीचे तेच फोटो फिरतात. ढिगारे, चिता, रडणारी माणसं. आपण हात जोडतो, "भावपूर्ण श्रद्धांजली" टाकतो आणि पुढं सरकतो. मला वाटतं, वाचलेल्या माणसांकडं याहून कितीतरी जास्त सांगण्यासारखं आहे.

१९९३ साली विसर्जनाची रात्र सरत आली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. लातूर-उस्मानाबादेत जवळपास ८ हजार माणसं गेली, ५२ गावं दुसरीकडं वसवावी लागली. सरकारी नकाशात हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याचा होता! माणसं मेली ती घराखाली. जाड दगड-मातीच्या भिंती, वर लाकडी माळवद, त्यावर मातीचा थर. उन्हाळ्यात गार राहणारं घरच झोपेत अंगावर आलं.

पुढं घरं दुरुस्त करून मजबूत करायची योजना आली. ती समजावून सांगायला गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' संस्थेनं हे काम उभं केलं. माळवदावरची माती कमी करा, भिंतीचे दोन पदर सुटू नयेत म्हणून आरपार दगड घाला, हे घरमालकाला पटवायचं होतं. इंजिनिअरचा कागद एकीकडं, आणि तो हादरा सोसलेल्या शेजारणीचा शब्द एकीकडं. २००१ च्या भूकंपानंतर लातूरकडच्या बायका कच्छला गेल्या, त्सुनामीनंतर तामिळनाडूत. तिथं त्यांनी नुसतं दुःख नाही सांगितलं. आपण पुन्हा कसं उभं राहिलो, घर कसं बांधून घेतलं, तेही सांगितलं.

फरक इथंच आहे. दरवर्षी त्याच माणसांना माईकपुढं रडायला लावलं तर ऐकणाऱ्याचे डोळे भरतात, पण त्याच्या घराची भिंत तशीच राहते. त्यांना बोलायचं नसेल तर गप्प बसू द्या. बोलणार असतील तर विचारा: कोणती भिंत आधी पडली? कोणती टिकली? का टिकली?

हे लांबचं नाही. २०२४ मध्ये २१ मार्चला आणि १० जुलैला हिंगोलीकडं ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, नांदेडातही जाणवले. आपल्या किनवट तालुक्यात जुन्या दगड-मातीच्या किती घरांत आज लेकरं झोपतात? शाळेच्या, अंगणवाडीच्या भिंती कुणी तपासल्यात का? येत्या ग्रामसभेत एवढं विचारा. यंदाची श्रद्धांजली तीच समजू.