सर्पगंधेची मुळी आणि रक्तदाबाची गोळी

सर्पगंधा हे गुडघ्याएवढे वाढणारे, पांढऱ्या-गुलाबी फुलांचे झुडूप. हिमालयाच्या पायथ्यापासून पश्चिम घाटापर्यंतच्या ओलसर, सावलीच्या जंगलांत ते आढळते. औषधी द्रव्य मुळात असते, आणि त्यातही मुख्यतः मुळाच्या सालीत.

या मुळीची जुनी ख्याती सर्पदंशावरची. 1563 साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या ग्रंथात सापाच्या विषावरच्या एका मुळीची चर्चा आहे. ती सर्पगंधाच असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. विषावरचा हा गुण पुढे सिद्ध झाला नाही. बिहारकडे मात्र ती ‘पागल की दवा’ म्हणून विकली जाई, आणि तिथल्या लोकांचा अनुभव खरा निघाला.

1931 साली या मुळीवर दोन ठिकाणी महत्त्वाचे काम झाले. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळातून अनेक अल्कलॉइडे स्फटिकरूपात वेगळी केली. त्यांपैकी एकाला त्यांनी हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ अजमलीन हे नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी मुळीच्या चूर्णाने उन्माद शमतो आणि रक्तदाबही उतरतो, असे प्रसिद्ध केले. या दोन कामांचा मेळ मात्र बसेना. दिल्लीतल्या स्फटिकांत रुग्णाला शांत करणारा गुण पुरेसा दिसत नव्हता. तो राळेसारख्या चिकट अंशात आहे, हे कलकत्त्याच्या संशोधकांनी पुढे दाखवले. पण त्या अंशातून शुद्ध द्रव्य काढणे त्या वेळी साधले नाही.

मुळीला पाश्चात्त्य वैद्यकात प्रवेश मिळाला तो मुंबईमुळे. रक्तदाबावर तेव्हा मीठ तोडणे, विश्रांती किंवा नसा कापण्याची अवघड शस्त्रक्रिया याखेरीज फारसे काही हाती नव्हते. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 50 रुग्णांना सर्पगंधेच्या गोळ्या देऊन नोंदी ठेवल्या आणि 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. बहुसंख्य रुग्णांचा रक्तदाब उतरला होता. आजच्या कसोटीवर ही चाचणी तोकडी ठरेल. तरी तिचे निष्कर्ष वाचून बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी ही मुळी आपल्या रुग्णांवर वापरून पाहिली. 1957 साली वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला.

1952 साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी त्या चिकट अंशातूनच रेसर्पिन वेगळे केले. मेंदूच्या आणि इतर नसांच्या टोकांशी नॉरअॅड्रेनॅलिन, डोपामिन, सेरोटोनिन ही द्रव्ये सूक्ष्म पिशव्यांत साठवलेली असतात. रेसर्पिन त्या पिशव्या भरूच देत नाही. साठा आटतो, रक्तवाहिन्या सैलावतात, मन निवते. रेसर्पिनने निश्चल झालेले ससे एल-डोपा देताच पुन्हा हालचाल करू लागतात, हे 1957 मध्ये आर्विड कार्लसन यांनी दाखवले. कंपवाताच्या आजच्या उपचाराचा एक धागा त्या प्रयोगापर्यंत पोचतो. कार्लसन यांना 2000 साली नोबेल मिळाले.

गोळीची लाट आली तशी ओसरलीही. नाक चोंदणे, आम्लपित्त आणि मुख्यतः नैराश्य यांमुळे डॉक्टर बिचकू लागले. पहिल्या काळातल्या मात्रा भारी होत्या, हेही त्याचे एक कारण. पुढे अधिक सुसह्य औषधे आली आणि मनोविकारांवर क्लोरप्रोमाझीनने रेसर्पिनला मागे टाकले. मागणीच्या काळात जंगलांतून बेसुमार मुळे उपटली गेली होती. मूळ काढले की झाड संपते, त्यामुळे नुकसान भरून येणे कठीण. सर्पगंधेचा आंतरराष्ट्रीय व्यापार आता साइट्स कराराखाली नियंत्रित आहे.

सिद्दिकींच्या अजमलीनचा उपयोग मात्र टिकला. ब्रुगाडा या आनुवंशिक हृद्‌रोगाची शंका असली की काही देशांत ते रुग्णालयात शिरेतून देतात आणि ईसीजीच्या आलेखात लपलेला दोष उमटतो का, ते पाहतात.