कानाविना दूरध्वनी

दूरध्वनीचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हा व्यवसायाने कर्णबधिरांचा शिक्षक होता. त्याच्या आईला फारच कमी ऐकू येई; पत्नी मेबल हिची श्रवणशक्ती बालपणीच्या आजारात गेली होती. १८७६ साली बेलने ज्या यंत्राचे एकस्व मिळविले, त्याने माणसामाणसांतील अंतर तोडले. पण त्याच्या घरातील या दोघींपुरते ते यंत्र मुकेच राहिले.

ही उणीव दूर करण्याचा मोठा प्रयत्न एका कर्णबधिरानेच केला. रॉबर्ट वाइटब्रेख्ट या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने दूरमुद्रकाचे संकेत ध्वनीत रूपांतरित करून साध्या दूरध्वनीच्या तारेवरून धाडण्याची युक्ती काढली. १९६४ मध्ये ती यशस्वी झाली. तथापि ते यंत्र अवजड होते आणि दोन्ही टोकांस असावे लागे. उंबरठ्याबाहेर पडताच कर्णबधिर पुन्हा एकाकी होई.

३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या अभियंत्याने संगणकावरून एका भ्रमणध्वनीवर नाताळच्या शुभेच्छा पाठविल्या. हाच पहिला लघुसंदेश होय. पुढे असे संदेश भ्रमणध्वनीवरूनही लिहिता येऊ लागले. परंतु कळा अंकांच्या, अक्षरे त्यांवर दाटीने बसविलेली. इंग्रजी 'सी' उमटविण्यास एकच कळ तीनदा दाबावी लागे.

२००२ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत टी-मोबाइल कंपनीने 'साइडकिक' हा संच विक्रीस आणला. तो डेंजर या कंपनीने घडविला होता. बोटाने ढकलताच पडदा गर्रकन फिरे आणि खालून टंकयंत्रासारखा पूर्ण कळफलक प्रकट होई. दोन अंगठ्यांनी भराभर लिहावे, उत्तर लगेच पडद्यावर वाचावे. संदेश आल्याची वर्दी घंटेऐवजी कंपनानेही मिळे. तरुण मंडळी त्यावर गप्पा मारण्यात रंगली. पण त्याचे खरे मोल जाणले ते कर्णबधिरांनी. बोलण्याची सोय वगळून केवळ मजकुराची वर्गणी भरण्याची मुभाही त्यांना मिळाली. रस्त्यातून घरी निरोप धाडणे, उशीर होत असल्यास मित्रास कळविणे, या साध्या गोष्टींसाठी आता दुसऱ्याच्या कानाची विनवणी उरली नाही.

या संचाची सारी माहिती कंपनीच्या संगणकांत साठविलेली असे. २०११ च्या मे अखेरीस ती सेवा बंद झाली आणि जुने साइडकिक निरुपयोगी ठरले. तोवर लिहून बोलण्याची रीत ऐकणाऱ्यांच्याही अंगवळणी पडली होती. बेलच्या यंत्राने सव्वाशे वर्षे ज्यांना दाराबाहेर ठेवले, त्यांच्या गरजेची वाट अखेर सर्वांचीच वाट झाली.